वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आणि दिवसाचे चोवीस तास

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा सुरू होते आणि एक प्रश्न हटकून कानी पडतो : "सर, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. अकरावी-बारावी सांभाळून त्या परीक्षेचा अभ्यास व्हायचा कसा?" आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. बेडकाच्या हृदयाचे कप्पे कोणी विचारले, तर आम्ही निमूटपणे विज्ञानशिक्षकांकडे बोट दाखवितो. परंतु वेळेचा हिशेब ही काही केवळ शास्त्रज्ञांची मिरासदारी नव्हे. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ सालच्या पणजीतील वैद्यकीय शाळेपर्यंत पोहोचते. तेथे किंवा देशात अन्यत्र एम. बी. बी. एस.ला जावयाचे, तर 'नीट' ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. २०२५ साली ती ४ मे रोजी झाली. प्रश्न १८०, मिनिटेही १८० आणि गुण ७२०. त्यांपैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे आणि पदार्थविज्ञान व रसायन यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांचा असतो. नेमके हेच विद्यार्थी विसरतात. बोर्डाची परीक्षा बारावीची, म्हणून अकरावीची पुस्तके माळ्यावर चढतात आणि बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर धूळ झटकून खाली येतात. तेव्हा हाती उरतात अवघे काही आठवडे.

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. त्या वर्षी प्रश्नपत्रिका तेरा भाषांत होती. मराठी त्यांत होती, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांपुरती. आणि आमची कोंकणी त्या तेरांत नव्हतीच. गोव्यातील केंद्रावर बसणाऱ्याने 'पेशी', 'प्रकाशसंश्लेषण', 'त्वरण' हे शब्द मनात ठेवून 'सेल', 'फोटोसिंथेसिस', 'अ‍ॅक्सिलरेशन' वाचावयाचे. यासाठी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. डावीकडे दहावीचा मराठी शब्द लिहावा, उजवीकडे नवा इंग्रजी. रोज दहा शब्द केले, तर गणेशचतुर्थीच्या सुटीपर्यंत ही भीती बरीच ओसरते, असा आमचा अनुभव आहे.

आता वेळेकडे वळू. पेडणे तालुक्यातील आमची एक माजी विद्यार्थिनी म्हापशास उच्च माध्यमिक विद्यालयात जात असे. सकाळी वर्ग, दोन दिवस दुपारी प्रात्यक्षिके, त्यानंतर शिकवणी; घरी पोहोचावयास रात्रीचे आठ वाजत. मग ती पहाटे चारला उठू लागली. दोन महिन्यांत तिची अशी गत झाली की वर्गात डोळा लागे, आणि वर्गात जे निसटे ते पहाटे पुन्हा शोधावे लागे. पहाटेचे दोन तास मिळवून दिवसाचे चार तास गमावणे, हा कसला व्यवहार?

आम्ही तिला एकच काम सांगितले : आठवडाभर, तासातासाने, आपण काय केले ते लिहून ठेव. वही पाहिली तेव्हा तीच चकित झाली. बसप्रवास रोज जवळजवळ दोन तासांचा. मोकळे तास आठवड्यात चार. आणि रविवारची अख्खी सकाळ प्रात्यक्षिकांचे जर्नल उतरविण्यात जाई! जर्नल त्याच दिवशी, प्रयोगशाळेतून बाहेर पडताच लिहावयाचे ठरले. बसमध्ये जागा मिळाली तर जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक, उभे राहावे लागले तर कालचे वाचलेले मनात आठवणे. पदार्थविज्ञानाची उदाहरणे मात्र टेबलाशीच, ताज्या डोक्याने, पहाटे साडेपाचनंतर. झोप सात तास. तीतून एक मिनिटही कापावयाचे नाही. वर्गात जो पाठ झाला, त्यावरचे बहुपर्यायी प्रश्न त्याच रात्री सोडवावयाचे, म्हणजे बोर्ड आणि प्रवेशपरीक्षा असे दोन संसार थाटावे लागत नाहीत.

रविवारची मोकळी झालेली वेळ सराव प्रश्नपत्रिकेला दिली, पण सकाळची नव्हे. सकाळी आठवड्याची उजळणी. २०२५ ची परीक्षा दुपारी २ ते ५ होती. आम्हां गोमंतकीयांच्या लेखी ही वेळ हुमण-भाताची आणि वामकुक्षीची! शरीराला ही सवय मोडावयास वेळ लागतो. पहिल्या तीन रविवारी ती मुलगी शंभराव्या प्रश्नापाशीच पेंगली.

चुकलेला प्रत्येक प्रश्न ती वेगळ्या वहीत उतरवी आणि पुढे एक अक्षर लिही : माहीत नव्हते तर 'म', घाईने चुकले तर 'घ'. महिनाभरात 'घ'ची रांग लांबलचक झाली. तिला अधिक वाचण्याची नव्हे, प्रश्न पुरता वाचण्याची गरज होती, हे त्या वहीने सांगितले. आम्हांस ते कधीच सांगता आले नसते.

पहिल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. वडील आमच्याकडे आले, बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, आणखी एक वर्ष द्यावे का?" आम्ही त्यांच्यापुढे तिच्या वह्या ठेवल्या आणि पहिल्या व शेवटच्या सरावातील गुण वाचून दाखविले. आता ती बी. एस्सी.चे पहिले वर्ष करीत पुन्हा तयारी करते आहे. रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या शाळेच्या रिकाम्या वर्गात येऊन बसते. परीक्षागृहात मनगटी घड्याळ चालत नाही, म्हणून ती ते काढून आमच्या हाती देते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पहिला प्रश्न वाचू लागते.