व्यायाम का थांबतो?

बारामती-इंदापूर हा उसाचा आणि दुभत्या जनावरांचा पट्टा. इथे कडबाकुट्टीत हात सापडतो, दुचाकीच्या अपघातात मणका मोडतो, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडते आणि घराची घडीच विस्कटते. जखम भरते, व्यायाम सुरू होतो. काही आठवड्यांनी मात्र रुग्ण तो टाळू लागतो. घरच्यांना हा आळस वाटतो. अनेकदा ते नैराश्य असतं.

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला आणि मज्जारज्जूच्या इजेनंतर सुमारे पाचांपैकी एकाला ते गाठतं.

ओळखणं सोपं नाही. थकवा, तुटक झोप, मंदावलेली भूक ही लक्षणं इजेमुळे किंवा औषधांमुळेही दिसतात. म्हणून दोन आठवडे टिकणारी उदासी, आवडत्या गोष्टींतला उडालेला रस आणि ‘मी घरावर ओझं झालोय’ ही भावना यांची आवर्जून विचारपूस करावी लागते. ती झाली नाही, तर व्यायाम बुडतो, सांधे आखडतात, परावलंबन वाढतं आणि मन आणखी खचतं.

समुपदेशन, गरजेनुसार औषधं आणि झेपेल असं काम यांनी हे चक्र तुटू शकतं. खेळाचीही मदत होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले. १९७२मध्ये हायडेलबर्गला त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं.

पदक प्रत्येकालाच हवं असतं असं नाही. बोलायला माणूस मात्र हवाच असतो. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा घरचे कधीही मराठीत बोलू शकतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर फोन आजच करावा.