भूगोलाची पदवी : निवड आणि पुढील वाटा

बारावीचा निकाल हाती आला की घरोघरी पुढील शिक्षणाचा विचार सुरू होतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य, संगणक ही नावे चर्चेत आधी येतात. कला शाखेचा विषय निघाला तर त्यातही भूगोलाचे नाव बहुधा शेवटी उच्चारले जाते. नद्या, राजधान्या आणि पिके पाठ करण्याचा विषय, अशी त्याची शालेय प्रतिमा पालकांच्या मनात पक्की बसलेली असते. त्यामुळे काही विद्यार्थी इतरत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून भूगोलाकडे वळतात, तर ज्यांना या विषयाची खरी ओढ आहे त्यांना घरातूनच परावृत्त केले जाते. दोन्ही प्रकारांत तरुण आयुष्यातील मोलाची तीन-चार वर्षे पणाला लागतात. म्हणूनच ही पदवी काय मागते आणि काय देते, हे प्रवेशापूर्वीच नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रवेशाची अट

महाराष्ट्रात भूगोल हा विषय कला शाखेत शिकवला जातो आणि काही महाविद्यालयांत विज्ञान शाखेतही. बी. ए. साठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सामान्यतः पात्र असतो आणि बारावीला भूगोल घेतलेलाच असावा, अशी अट बहुतेक ठिकाणी नसते. बी. एस्सी. साठी मात्र बारावी विज्ञान शाखेतून व्हावी लागते. दोन्हींतील मूळ विषय एकच असला, तरी सोबतचे विषय वेगळे असल्याने पुढील वाटांत फरक पडतो. एकीकडे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांची संगत मिळते, तर दुसरीकडे भूशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांची.

श्रेयांकांचा आराखडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली आहे. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तिचा आराखडा निश्चित केला. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली.  या रचनेत श्रेयांक मोजले जातात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील साधारण १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात.

पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी, अशा चार पायऱ्या आहेत. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन मध्येच थांबायचे असल्यास कौशल्याचे अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करावे लागतात. आजारपण, विवाह, घरचा व्यवसाय अशा कारणांनी शिक्षण थांबलेल्यांना विहित मुदतीत परत येण्याची सोय आहे. विशेषतः ज्या मुलींचे शिक्षण अर्ध्यावर सुटते, त्यांच्या कुटुंबीयांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी.

एकूण श्रेयांकांपैकी साधारण निम्मे मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे असतात. उरलेल्यांत गौण विषय अर्थात मायनर, अन्य विद्याशाखेतील खुला विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्यविषय, क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांचा समावेश होतो. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य व एक गौण ठरवता येतो. खरा निर्णय तेथे आहे, आणि तो मित्रांच्या संगतीने किंवा सोयीच्या वेळापत्रकाने घेण्याजोगा नव्हे.

अभ्यास वर्गातला आणि शिवारातला

मुख्य विषयात प्राकृतिक भूगोल, हवामानशास्त्र, मानवी भूगोल, लोकसंख्या व वसाहतींचा अभ्यास, आर्थिक भूगोल, भारत व महाराष्ट्राचा प्रादेशिक भूगोल असे अभ्यासपत्र असतात. परंतु भूगोलाला अन्य सामाजिक शास्त्रांपासून वेगळे करणारा भाग प्रात्यक्षिकांचा आहे. नकाशाचे प्रमाण व प्रक्षेपण, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांचे वाचन, हवामान नकाशांचे विवेचन, सर्वेक्षण, सांख्यिकी पद्धती, दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जी. आय. एस., ही त्याची अंगे होत. जर्नल पूर्ण करणे, क्षेत्रभेटीला जाणे आणि तिचा अहवाल लिहिणे येथे टाळता येत नाही.

या अभ्यासातून काय साधते, याचे उदाहरण कोल्हापूर-सांगली परिसरात डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी या भागातील शेते, घरे, दुकाने आणि यंत्रमाग पाण्याखाली गेले. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा पाहिल्या, तर सह्याद्रीच्या उतारावर त्या दाटीने आढळतात आणि शिरोळकडे येता येता विरळ होत जातात. म्हणजे घाटात वेगाने उतरलेले पाणी सपाटीवर मंदावते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. कृष्णेचीच पातळी चढलेली असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. पाऊस, उतार, नदीचे वळण, धरणांतील विसर्ग आणि पूररेषेतील बांधकाम यांचा एकत्रित विचार करण्याची शिस्त भूगोल देतो.

याच पट्ट्यातील क्षारपड जमिनींचेही तसेच आहे. निचरा कमी असलेली काळी माती, उसाला दिलेले अतिरिक्त पाणी आणि वर येणारी भूजल पातळी यांची सांगड घातल्याशिवाय उत्तम जमीन नापीक का झाली, हे उमगत नाही. ज्या कुटुंबाची उपजीविका शेतीवर अवलंबून आहे, त्या घरातील मुलाने किंवा मुलीने हे शास्त्र शिकणे म्हणजे घरच्या प्रश्नाकडे नव्या दृष्टीने पाहणे होय.

गौण विषय : अर्धी वाट येथेच ठरते

भूगोलाची पदवी एकट्याने क्वचितच नोकरी मिळवून देते. तिच्यासोबत काय घेतले, यावर पुष्कळ अवलंबून असते. प्रशासकीय सेवेचे ध्येय असेल, तर राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र उपयुक्त ठरते. नकाशा आणि संगणक यांत रमणाऱ्याने संख्याशास्त्र वा संगणकाशी संबंधित विषय घ्यावा. लोकसंख्या, आरोग्य, नगरनियोजन यांकडे कल असेल, तर समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राची जोड द्यावी. शिक्षक व्हायचे असल्यास बी. एड. ला दुसरी अध्यापनपद्धती कोणत्या विषयाची मिळेल, हे आधीच पाहावे.

कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांकही असेच आहेत. ते केवळ सही-शिक्क्यापुरते उरकता येतात किंवा नगरपालिका, कृषी कार्यालय, पाणलोट प्रकल्प, सर्वेक्षण करणारी संस्था येथे खरे काम शिकून सार्थकी लावता येतात. क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ पद्धतीने विनामूल्य अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवते. साधने हाताशी आहेत. प्रश्न तळमळीचा आहे.

पदवीनंतर

स्पर्धा परीक्षांत भूगोलाचे स्थान मोठे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तो आहेच, शिवाय ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. तथापि या परीक्षांत यश थोड्यांनाच लाभते, हे लक्षात घेऊन दुसरी वाट तयार ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ती वाट भूस्थानिक क्षेत्रात सापडू शकते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे व भूस्थानिक माहितीवरील निर्बंध सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केले. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होत आहे. मालमत्ता कर, पाणीपुरवठा, पीक विमा, मालवाहतूक, विक्री केंद्रांची जागा ठरवणे अशा अनेक कामांत जी. आय. एस. वापरले जाते. व्यापारी घरातील तरुणालाही गोदाम कोठे बांधावे, माल कोणत्या मार्गाने न्यावा, याचा विचार शास्त्रशुद्धपणे करता येतो. मात्र काही सर्वेक्षण पदांसाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आय. टी. आय. चे प्रमाणपत्रच मागितले जाते. म्हणून ज्या पदाची इच्छा आहे, त्याची जाहिरात पदवीच्या पहिल्याच वर्षी वाचून पाहावी.

उच्च शिक्षणात भूगोल, जिओइन्फॉर्मेटिक्स, पर्यावरणशास्त्र, नियोजन हे पर्याय आहेत. लोकसंख्याशास्त्रासाठी मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एक वर्षाचे असू शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्याची संधी असते. शालेय शिक्षकाच्या वाटेसाठी बी. एड. आणि पात्रता परीक्षा आवश्यक आहे. राज्य मंडळाच्या दहावीत भूगोलाची स्वतंत्र ४० गुणांची प्रश्नपत्रिका असते; चांगला शिक्षक तेथेच मुलांच्या मनातील पाठांतराचे भय घालवू शकतो.

प्रवेशापूर्वीचे प्रश्न

महाविद्यालय निवडताना पालकांनी काही गोष्टी स्वतः विचाराव्यात. भूगोल तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून उपलब्ध आहे काय? चौथे वर्ष तेथेच करता येते काय? प्रयोगशाळेत संगणक व जी. आय. एस. प्रणाली प्रत्यक्ष वापरात आहे काय? क्षेत्रभेट दरवर्षी होते काय? गौण विषयांत कोणते पर्याय आहेत आणि ते वेळापत्रकात खरोखर घेता येतात काय? माहितीपत्रक पाहण्याबरोबरच तिसऱ्या वर्षातील एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल पाहिल्यास विभागाची खरी ओळख पटते.

आणि एक प्रश्न घरात, मुलाला किंवा मुलीला शांतपणे विचारावा : प्रवासात खिडकीबाहेर पाहताना डोंगर, माती, पीक, वस्ती का बदलली, असे कुतूहल वाटते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर कमी गुणांवर मिळणारा विषय म्हणून भूगोलाला कमी लेखू नये. उत्तर नकारार्थी असेल, तर केवळ प्रवेश मिळतो म्हणून तो गळ्यात घालू नये.