गवताला पैसे कोण देतं?

ह्यूस्टन शहरातल्या मेमोरियल पार्कच्या मधोमध सहा पदरी मेमोरियल ड्राइव्ह जातो. फेब्रुवारी २०२३ पासून या रस्त्यावरच मातीची एक लांबरुंद टेकडी आहे. गाड्या खालच्या बोगद्यांमधून जातात आणि वरून माणसं फिरतात. रात्री वर्दळ थांबली की जनावरंही इकडून तिकडे जातात. टेकडीच्या दोन्ही अंगांना सुमारे ४५ एकरांवर टेक्सासच्या किनारपट्टीचा मूळचा गवताळ माळ पुन्हा उभा केला जातो आहे. हा मातीचा पूल सगळ्यांना दिसतो, त्याचे फोटो निघतात. मला त्यामागचा हिशेब जास्त रंजक वाटतो. भर शहरात, महागड्या जमिनीवर गवत उगवायला करोडो डॉलर दिले कोणी, आणि का?

जमीन कुठून आली

पहिल्या महायुद्धात इथे कॅम्प लोगन नावाची लष्करी छावणी होती. युद्ध संपल्यावर विल आणि माइक हॉग या भावांनी ती जमीन विकत घेतली आणि १९२४ मध्ये सुमारे दीड हजार एकर महापालिकेला खरेदीच्याच भावाने दिली. मात्र कागदात एक अट घातली. बागेखेरीज दुसऱ्या कामाला जमीन वापरली, तर ती हॉग कुटुंबाच्या मालमत्तेत परत जाईल. शंभर वर्षं या अटीने बागेची राखण केली आहे. त्यामुळे इथे गवत उगवायला जमिनीची किंमत मोजावी लागली नाही, आणि शहरातल्या अशा प्रकल्पात ही फार मोठी सवलत आहे.

झाडं मेली तेव्हा

छावणी गेल्यावर पार्कात दाट झाडी माजली. लोकांना तेच जुनं जंगल वाटायचं. २००८ चं आइक वादळ आणि त्यामागून २०११ चा भयंकर दुष्काळ, यांत त्यातली बरीच झाडं वठली. नव्याने आराखडा करायची वेळ आली तेव्हा माती, पाणी आणि जुने नकाशे तपासले गेले. त्यातून दिसलं ते असं, की बऱ्याच भागात मुळात विरळ झाडं आणि गवत होतं. २०१५ मध्ये महापालिकेने नेल्सन बर्ड वोल्ट्झ या संस्थेचा आराखडा मंजूर केला. जिथे गवत होतं तिथे गवत परत आणायचं, असं त्यात ठरलं.

टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारपट्टीवर कधीकाळी लाखो एकर असा माळ होता. आज त्याचा एक टक्काही मूळ रूपात उरलेला नाही. भातशेती, गुरांची कुरणं आणि वाढती शहरं यांनी तो संपवला. या पट्ट्यातली बरीचशी माती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच. उन्हात भेगाळते, पावसात फुगते. पाणी आत मुरवायचं काम गवताची मुळं करतात. ती जमिनीत दीड-दोन मीटर आणि कधीकधी त्याहूनही खोल जातात. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टन बुडालं, तेव्हा शहराला माळाची आठवण जरा जास्तच तीव्रतेने झाली.

चार खिसे

पैसा एका ठिकाणाहून येत नाही, हे या कामाचं खरं गणित. महापालिका जमीन आणि परवानग्या देते, पण तिच्या उद्यान खात्याकडे एवढ्या मोठ्या कामाला पैसा नसतो. तिथे दुसरा खिसा येतो, ज्याला ह्यूस्टनमध्ये 'टर्झ' म्हणतात. शहराचा एक भाग निवडायचा आणि त्या वर्षीचं तिथल्या मालमत्तांचं मूल्य आधार म्हणून धरायचं. पुढे इमारती वाढल्या, भाव चढले, की आधाराच्या वरच्या मूल्यावरचा कर शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्याच भागाच्या कामांसाठी राखून ठेवायचा. पार्काच्या पश्चिमेला गॅलेरिया मॉल आणि उंच इमारतींचा अपटाउन भाग आहे. तिथलं टर्झ १९९९ मध्ये झालं. २०१३ मध्ये मेमोरियल पार्क या क्षेत्रात सामील केला गेला. पार्क कर भरत नाही, तरी अपटाउनच्या वाढलेल्या करातून पार्कावर खर्च करता यावा, म्हणून ही व्यवस्था.

यावर टीका होते, आणि ती मला पटते. श्रीमंत भागाच्या भाववाढीचा पैसा त्याच भागात फिरत राहतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला ज्या वस्तीत खेळायला मैदानही नाही, तिच्या वाट्याला तो येत नाही. उलट बाजूचं म्हणणं असं, की मेमोरियल पार्क साऱ्या शहराचा आहे. तेही खोटं नाही. पण त्याच्या आसपास कोण राहतं हेही बघावं लागतं.

तिसरा खिसा देणगीदारांचा. २०१८ मध्ये रिच आणि नॅन्सी किंडर यांच्या फाउंडेशनने सात कोटी डॉलर जाहीर केले. रिच किंडर हे तेल-वायूच्या पाइपलाइन चालवणाऱ्या किंडर मॉर्गन कंपनीचे सहसंस्थापक. एवढी रक्कम कोणी नुसतीच देत नाही. वीस कोटी डॉलरहून मोठा आराखडा दशकभरात पुरा करायचा आणि टर्झने व पार्क सांभाळणाऱ्या संस्थेनेही आपापला वाटा घालायचा, असा करार झाला. मोठा आकडा समोर असला की बाकीचे हात लवकर वर होतात. महापालिकेचे कागदही पटापट हलतात. पुलाला किंडर यांचं नाव मिळालं, आणि माळाला सिव्हिया आणि मेल्विन वोल्फ या दुसऱ्या देणगीदार दांपत्याचं.

चौथा खिसा मेमोरियल पार्क कॉन्झर्व्हन्सीचा. ही विनानफा संस्था महापालिकेशी करार करून पार्काची देखभाल करते, वर्गण्या गोळा करते, स्वयंसेवक जमवते. कामात सगळ्यात चिवट आणि नजरेत सगळ्यात कमी येणारी हीच.

पैसा नेमका कशाला लागतो

गवत फुकट उगवतं, हा समज इथे मोडतो. दुकानातलं कुठलंही बी टाकून माळ होत नाही. लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास ही गवतं त्याच पट्ट्यातल्या बियांची हवीत, कारण तिथल्या ओल्या-सुक्या हवामानाला तीच टिकतात. शिवाय नुसतं गवत पुरत नाही, लिआट्रिससारखी जांभळी तुरेदार फुलंही लागतात. बी उरल्यासुरल्या जुन्या माळांवरून गोळा करायचं, रोपवाटिकेत रोपं वाढवायची, मग लावायची. पहिली एक-दोन वर्षं वर फारसं काही दिसत नाही, कारण रोप आधी मुळं करतं. देणगीदाराला फोटो हवा असतो, आणि नेमकं तेव्हाच जागा पडीक दिसते.

त्यात चायनीज टॅलो. हे शोभेचं झाड बाहेरून आणलेलं, शरद ऋतूत लालभडक होणारं. पक्षी बी खातात आणि विष्ठेतून सगळीकडे पेरतात. एका वर्षी दुर्लक्ष केलं तर माळात टॅलोचं रान उभं राहतं. मनगटाएवढं खोड कापलं की त्या घावावर लगेच तणनाशक लावावं लागतं, नाहीतर बुडातून पुन्हा चार फुटवे येतात. पूर्वी विजेने लागलेल्या किंवा तिथल्या आदिवासींनी लावलेल्या वणव्यात असा झाडोरा जळून जायचा. दाट शहरात धूर रस्त्यावर गेला की अपघात, म्हणून ठरवून आग लावणं अवघड, आणि कापणी हाच बहुतेक वेळा पर्याय. ही कापणी आणि वेचणी दर वर्षी, कायमची. पुलाला उद्घाटन असतं, टॅलो उपटायला नसतं. त्या कामासाठी कायमस्वरूपी निधी उभा करणं हीच अशा संस्थांची खरी डोकेदुखी.

आपल्याकडे गोष्ट अजून इथवर पोहोचलेलीही नाही. पुणे-सोलापूरकडचे माळ सरकारी नोंदीत कित्येकदा 'पडीक' म्हणून येतात. कंपन्यांचा सामाजिक निधी मिळतो तो बहुधा झाडं लावायला. माळावर झाडं लावली की लांडगे-चिंकारा हटतात, तरी अहवालात मात्र हिरवाई वाढलेली दिसते.

उरलेला माळ वाचवणं

ह्यूस्टनच्याच आग्नेयेला डिअर पार्क गावात नांगर न लागलेला सुमारे ५० एकरांचा माळ उरला होता, आणि त्यावर घरं होणार होती. २०१३ मध्ये संवर्धन संस्था, शास्त्रज्ञ आणि साध्या लोकांनी मिळून सुमारे चाळीस लाख डॉलर उभे केले आणि जमीन विकत घेतली. तिथे शेकडो जातींच्या वनस्पती आहेत. मेमोरियल पार्कात ते वैविध्य आणायला कितीतरी वर्षं लागतील, आणि तरी सगळं येईलच असं नाही. दोन रकमा शेजारी ठेवून थेट तुलना करणं योग्य नव्हे, कारण एकीकडे भर रस्त्यावर पूल बांधायचा होता, दुसरीकडे असलेला माळ विकत घेऊन फक्त सांभाळायचा होता. पण माळ पुन्हा लावणाऱ्यांना बी लागतं ते डिअर पार्कसारख्या जुन्या तुकड्यांचंच.