सुरांचे यंत्र आणि चढा गंधार

जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, वाघूर नदीच्या काठचे गाव. लग्नसराईत इथे वरात निघाली की बँडवर 'नागीन'ची धून ठरलेलीच. १९५४ साली आलेल्या या चित्रपटातली बीन अनेकांना गारुड्याची खरी पुंगी वाटते. प्रत्यक्षात ती कल्याणजी यांनी क्लेव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास तयार केलेल्या या वाद्यात ना तार होती, ना भाता. निर्वात नळ्यांचे मंडल विद्युतदाब ठरावीक वेगाने वरखाली करी आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा तेच हेलकावे हवेला देई.

आजच्या वरातीत गाडीवर 'कॅसिओ' असतो. कंपनी कोणतीही असो, अशा वाद्याला आपल्याकडे कॅसिओच म्हणतात. मुले त्याच्याभोवती गर्दी करतात. पण पेटीच्या आत काय चालते हे त्यांना कोणी सांगत नाही. मग ती पेटी मुलांनीच का बनवू नये? या विचाराने आम्ही पहूरच्या एका शाळेत नववी-दहावीची मुले आणि काही शिक्षक यांच्याबरोबर दोन दिवस बसलो. वाद्य तयार झाले. मात्र त्यात आमचीच एक चूक उघडी पडली आणि ती दाखवली एका वीणेकऱ्याने. तो धडा वाद्यापेक्षा मोलाचा ठरला, म्हणून हा लेख.

भरणारा आणि रिकामा होणारा हौद

सिंथेसायझरचे हृदय म्हणजे दोलक, म्हणजे सतत हेलकावे निर्माण करणारे मंडल. आम्ही त्यासाठी ५५५ ही आयसी वापरली. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेली ही आयसी आजही विकली जाते आणि ती वहीपेक्षाही स्वस्त मिळते.

तिचे काम समजण्यासाठी एक हौद डोळ्यांसमोर आणू. नळातून पाणी येते आहे. हौद दोन तृतीयांश भरला की खालची तोटी आपोआप उघडते. पाणी एक तृतीयांशावर आले की ती बंद होते. हौद पुन्हा भरू लागतो. इथे हौद म्हणजे कपॅसिटर, ज्याला दुकानदार कंडेन्सर म्हणतो. पाणी म्हणजे विद्युतप्रभार आणि नळाचे अरुंदपण म्हणजे रोध. रोध जास्त तर हौद सावकाश भरतो, सावकाश रिकामा होतो आणि स्वर खाली जातो. दोन्ही खुणा बॅटरीच्या दाबाच्या प्रमाणात ठरतात. त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी आवाज बारीक होतो, स्वर मात्र फारसा ढळत नाही.

जोडणी अशी. आयसीचे ८ आणि ४ क्रमांकाचे पाय ९ व्होल्टच्या धन टोकाला, १ क्रमांकाचा ऋण टोकाला. धन टोक आणि पाय ७ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक. त्याला र१ म्हणू. पाय ७ आणि पाय ६ यांच्यामध्ये दुसरा रोध, र२. पाय २ आणि ६ एकमेकांना जोडायचे आणि तिथून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकाकडे. पाय ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकाकडे. पाय ३ वरून १०० ओहमचा रोधक आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीने जोडून ८ ओहमचा स्पीकर. स्पीकरचे दुसरे टोक ऋणाला. हे सर्व ब्रेडबोर्डवर डाग न देता होते. वीज फक्त बॅटरीचीच घ्यावी; घरातल्या विजेच्या सॉकेटला यातले काहीही जोडू नये.

वारंवारतेचे सूत्र सोपे आहे: १.४४ भागिले (र१ + दोनदा र२) गुणिले कपॅसिटरची धारिता. र२ ला २५ किलोओहम घेतले तर कंसातली बेरीज ६० किलोओहम होते आणि उत्तर येते २४० हर्ट्झ. संगीताच्या पुस्तकांत षड्ज २४० कंपनांचा धरण्याचा प्रघात आहे. तो आपल्या हाती आला.

कळांची साखळी

एका स्वराने गाणे होत नाही. म्हणून र२ च्या जागी रोधकांची साखळी करायची. पाय ७ पासून रोधक एकापुढे एक जोडत जायचे आणि प्रत्येक सांध्यावर एक कळ बसवायची. सर्व कळांची दुसरी टोके एकत्र करून पाय ६ ला न्यायची. जी कळ दाबू तिथपर्यंतचा रोध मंडलात येतो. कळ दाबली नाही तर मंडल तुटलेलेच असते, म्हणून वाद्य गप्प राहते. दोन कळा एकदम दाबल्या तर वरचा स्वरच वाजतो. असे का होते, हे मुलांना शोधू द्यावे. लघुपथाचा याहून चांगला प्रश्न आम्हांला सुचलेला नाही.

बाजारातल्या साध्या रोधकांची किंमत लिहिल्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते. दोन लगतच्या सुरांमधले अंतर सुमारे ६ टक्के असते. म्हणजे रोधकावर विसंबलो तर कोमल-शुद्धाची अदलाबदल व्हायची! म्हणून प्रत्येक कडीत एक प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा बदलता रोध, घ्यावा. कपॅसिटरमधली चूक मात्र इतकी त्रासदायक नाही. ती सगळ्या स्वरांना एकाच प्रमाणात वर किंवा खाली नेते. षड्ज बदलतो, स्वरांची आपसांतली नाती तशीच राहतात. गायक आपली पट्टी बदलतो तेव्हा हेच घडते.

वीणेकऱ्याचा आक्षेप

पहिल्या दिवशी आम्ही स्वर लावले ते कॅसिओच्या नियमाने. या नियमात सप्तकाचे बारा समान भाग असतात आणि प्रत्येक पुढचा सूर आधीच्याच्या सुमारे १.०५९५ पट असतो. त्यानुसार शुद्ध गंधार ३०२.४ हर्ट्झवर येतो. मोबाइलवरच्या स्वरमापकाने बरोबर तेवढेच दाखवले. आम्ही समाधानाने चहा घेतला.

संध्याकाळी गावच्या भजनी मंडळातले एक वृद्ध वीणेकरी नातवाला न्यायला आले. त्यांनी यंत्राच्या षड्जाशी वीणा मिळवली, ती छेडत ठेवली आणि नातवाला एकेक कळ दाबायला सांगितले. पंचमाला मान डोलावली. गंधाराला थांबले.

"सर, बाकी सगळं ठीक. तुमचा गंधार चढा लागतोय."

आम्ही मोबाइल पुढे केला. "काका, आकडा बरोबर आहे."

"आकडा असेल. कानाला खुपतोय ना."

मग त्यांनी वीणेवर स्वतःचा गंधार लावून धरला. स्वरमापकाचा काटा ३०० च्या आसपास स्थिरावला. आम्ही गप्प झालो. आमचे मोजमाप चुकले नव्हते. चूक अशी होती की एका सोयीस्कर संकेताला आम्ही निसर्गनियम समजून बसलो होतो.

त्यांना खुपले ते असे. २४० च्या षड्जाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही मंदपणे वाजत असतात. त्यातला पाचवा १२०० हर्ट्झचा. गंधार नेमका ३०० असेल तर त्याची चौपटही १२००. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. गंधार ३०२.४ असेल तर चौपट होते सुमारे १२०९.५. दोन्हींच्या फरकामुळे आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतो. हे विस्पंद. आम्ही पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षे शिकवलेली गोष्ट वीणेकऱ्यांनी कानाने ओळखली होती. पंचमाचे बिनसले नाही, कारण समान भागांचा पंचम ३५९.६ येतो आणि हवा असतो ३६०.

नातवाने हिशेब केला: ३०० साठी र२ हवा १९ किलोओहम, आमचा होता सुमारे १८.८. पेचकसाने जेमतेम १९० ओहम वाढवले आणि थरथर थांबली. दुसऱ्या दिवशी साधी गुणोत्तरे घेऊन सगळी साखळी नव्याने लावली:

सा: २४० हर्ट्झ, र२ = २५ किलोओहम
रे: २७० हर्ट्झ, २१.६७ किलोओहम
ग: ३०० हर्ट्झ, १९ किलोओहम
म: ३२० हर्ट्झ, १७.५ किलोओहम
प: ३६० हर्ट्झ, १५ किलोओहम
ध: ४०० हर्ट्झ, १३ किलोओहम
नी: ४५० हर्ट्झ, ११ किलोओहम
तार सा: ४८० हर्ट्झ, १० किलोओहम

सूर तार षड्जापासून खाली लावत यावे. साखळीतली एक कडी हलवली की तिच्यापुढचे सगळे स्वर हलतात.

गायक दर वेळी, दर रागात गंधार नेमका ३०० वरच लावतो असा मात्र याचा अर्थ नाही. रागाप्रमाणे आणि गळ्याप्रमाणे तो थोडा सरकतो. पण कुठे ठेवायचा हे तो स्वतः ठरवतो. तयार कळफलकात हा निर्णय आधीच झालेला असतो.

जुनाच वाद

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची मोजमापे घेतली आणि बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. न्यायाधीश असलेल्या क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुतींची बाजाची पेटी घडवण्याचाही प्रयत्न झाला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली, ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे सूर ठरून गेलेले असतात, हे आक्षेप त्यामागे होते. बारा समान भागांची बाजूही समजून घ्यावी. त्यामुळे कोणत्याही कळीला षड्ज मानून वाजवता येते आणि एकाच वाद्यावर दहा गायकांची साथ होते. ही सोय मोठी आहे, आणि तिची किंमत गंधाराने मोजली आहे.

मिडी: स्वर नव्हे, निरोप

पुढची पायरी म्हणजे मिडी. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो. उदाहरणार्थ १४४, ६०, १०० हे तीन आकडे म्हणजे 'पहिल्या वाहिनीवर ६० क्रमांकाची कळ १०० इतक्या जोराने दाबली'. मूळ मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवते. एका आकड्याला आगेमागेच्या खुणांसह १० बिट लागतात, म्हणजे तीन आकड्यांचा निरोप एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात पोचतो.

ज्या शाळेत अर्डुइनोसारखा बोर्ड आहे तिथे मुले स्वतःचा मिडी नियंत्रक बनवू शकतात. कळा बोर्डाच्या पायांना जोडायच्या आणि कळ दाबली की हे तीन आकडे पाठवायचे, एवढाच कार्यक्रम लिहायचा. थेट यूएसबीवरून मिडी पाठवू शकणारा बोर्ड घेतला तर काम आणखी सोपे होते. आवाज संगणक काढतो.

पण कळक्रमांक पूर्णांक असतात आणि दोन क्रमांकांत एका समान भागाचे अंतर असते. म्हणजे चढा गंधार इथेही हजर! सुदैवाने स्वर वाकवण्याचा वेगळा निरोप मिडीत आहे. त्याची किंमत ० ते १६३८३ असते आणि मध्य ८१९२. वाकवण्याची मर्यादा सामान्यतः दोन्ही बाजूंना दोन सूर असते. गंधार हवा तेवढा उतरवायला ८१९२ ऐवजी सुमारे ७६३१ पाठवावे लागते. हा आकडा कसा आला, हे दहावीच्या मुलांना काढू द्यावे. एका सुराचे शंभर भाग केले तर आपला गंधार १३.७ भागांनी उतरवायचा आहे, एवढी सूचना पुरे.

वर्गात करताना

नववीतला ध्वनीचा पाठ चालू असताना दोन तासिकांत एका स्वराचे मंडल होते. पूर्ण साखळीला एक आठवडा द्यावा. वारंवारता बदलली की स्वर बदलतो हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी मुलाच्या हातात पेचकस द्यावा. आणखी एक गोष्ट आवर्जून करावी: वाद्य तयार झाले की गावातल्या एखाद्या भजन गाणाऱ्याला, सनईवाल्याला किंवा बँडवाल्याला बोलावून ते ऐकवावे. त्यांचा अभिप्राय आणि मोबाइलवरचा आकडा जुळला नाही तर तिथेच थांबून दोन्हींची तपासणी करावी. आम्ही आकडा पुढे करून बोलणे संपवायला निघालो होतो. वीणेकरी काका उठून गेले असते तर आमचा गंधार अजूनही चढाच राहिला असता, आणि तो चढा आहे हे आम्हांला कळलेही नसते.