नागरी झाडे आणि कायद्याची परिभाषा

वस्तीतील एखाद्या झाडास कायद्याचे संरक्षण आहे किंवा नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शब्दांच्या व्याख्येवर अवलंबून असते. भिवंडीतील टेमघर ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. एकेकाळचे हे गाव आज भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोमार्गावर त्याच्या नावाचे स्थानक योजिले आहे. वस्तीचा असा विस्तार होऊ लागला की रस्त्याकडेची झाडे प्रथम अडचणीची ठरतात.

महाराष्ट्रात ह्या विषयाचे दोन अधिनियम आहेत. १९६४ च्या वृक्षतोडविषयक अधिनियमाने हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर इत्यादी झाडांची अनुसूची दिली. येथे संरक्षण नावास आहे. ज्याचे नाव यादीत नाही ते त्यास पारखे होते. नागरी क्षेत्रांसाठी १९७५ मध्ये झालेल्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने ही पद्धती सोडून दिली. त्यात जातीचा भेद नाही.

त्याहून महत्त्वाची आहे ती क्रियापदाची व्याख्या. व्यवहारात आपण तोडणे, छाटणे, सोलणे, जाळणे असे भेद करतो, आणि 'झाड तोडले नाही, नुसते छाटले' हे विधान भाषेच्या दृष्टीने निर्दोष असते. अधिनियमाने मात्र झाड पाडण्याच्या व्याख्येतच जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे ह्यांचा समावेश केला आहे. म्हणून बुंध्याशी आम्ल ओतून झाड सुकविणारा मनुष्य कुऱ्हाड न उचलताही ह्या व्याख्येत येतो.

परवानगीची रीतही ध्यानी घेण्यासारखी आहे. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची समक्ष पाहणी करावयाची, स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात द्यावयाची आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावावयाची असते. परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाड पाडता येत नाही. मृत, रोगट, वाहतुकीस अडथळा करणाऱ्या अथवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक झाडांबाबत मात्र परवानगी नाकारता येत नाही. तेव्हा 'धोकादायक' ह्या विशेषणाचा वापर कोण व कशाच्या आधारे करतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

मुदतीचे मोल मुंबईतील आरे वसाहतीच्या प्रकरणाने दाखवून दिले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडलेली होती. न्यायालयाचा आदेश पडलेले झाड उभे करू शकत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांचा निराळा वर्ग मानला आणि भरपाईदाखल लावावयाच्या रोपांची संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडली. त्यामुळे वय ही आता केवळ वनस्पतिशास्त्रीय बाब राहिली नाही. तिला कायदेशीर परिणाम प्राप्त झाला आहे. 'आजोबांच्या वेळचे झाड' हे वर्णन वस्तीत सर्वांस समजते, पण प्राधिकरणापुढे वर्षांचा अंक लागतो. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे अधिनियमाने प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे, त्याचे महत्त्व येथे आहे. टेमघरसारख्या झपाट्याने पालटणाऱ्या वस्तीत जुन्या रहिवाशांच्या आठवणी वेळीच टिपून घेऊन ह्या गणनेस जोडल्या, तर संरक्षणास आधार मिळेल. नोंद नसलेल्या झाडाचे वय, ते पडल्यानंतर, वादाचा विषय होते. आणि अशा वादात झाडाची बाजू बहुधा दुबळी असते.