नाणेघाटापलीकडची कुजबुज

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढली की माथ्यावर जुन्नरचा मुलूख लागतो. सातवाहनकाळी इथून व्यापारी तांडे जात. त्याच मुलखात, नारायणगावजवळच्या खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी एक अचाट रेडिओ दुर्बीण उभारली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरांवर पसरलेल्या, आणि पृष्ठभाग पत्र्याचा नव्हे, पोलादी तारांच्या जाळीचा. खर्च आटोक्यात ठेवणारी ती युक्ती आजही थक्क करते.

स्वरूपांना हवा होता आदिम हायड्रोजनचा संदेश. हायड्रोजनची रेडिओलहर 21 सेंटिमीटरांची; पण विश्व प्रसरण पावत असल्याने दुरून निघालेली लहर वाटेत ताणली जाते. हीच ताम्रसृती. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर इथे पोहोचते तेव्हा 42 सेंटिमीटरांची झालेली असते, आणि इतकी क्षीण की एकट्या दीर्घिकेची लहर गोंगाटात बुडून जाते.

म्हणून खगोलशास्त्रज्ञ निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीने 857 दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. 2016 मध्ये निष्कर्ष आला: काहीच नाही! वायू फार तर किती असेल, एवढीच मर्यादा हाती लागली. माझ्या मते पुढच्या यशाचा पाया याच रित्या हातांनी घातला.

मग दुर्बिणीची लहरी टिपणारी ग्रहणयंत्रे बदलली, तिचा आवाका वाढला. आदित्य चौधरी, काणेकर, जयराम चेंगलूर आणि साथीदारांनी आता 7,653 दीर्घिका निवडल्या. दिंडीतल्या एका टाळाचा नाद दूरवर पोहोचत नाही. हजारो टाळ एका ठेक्यावर पडले तर डोंगर घुमतो. इथे अडचण ठेक्याचीच होती, कारण प्रत्येक दीर्घिकेची लहर वेगवेगळी ताणलेली. हवाईच्या केक दुर्बिणीने मोजलेल्या ताम्रसृतींनी ती सुटली. सुमारे 100 तासांच्या निरीक्षणातले सारे संदेश एका रेषेत आणून रचले, आणि गोंगाटातून शिखर उसळले! हायड्रोजन सापडला होता. त्याच आकड्यांनी जुने कोडेही उकलले: त्या दीर्घिका ज्या झपाट्याने तारे घडवत होत्या, त्या वेगाने हा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता. ताऱ्यांचा जन्मदर पुढे का ओसरला, याचे उत्तर इंधनटंचाईत होते.

14 ऑक्टोबर 2020 रोजी ‘नेचर’मध्ये निबंध झळकला. स्वरूप 7 सप्टेंबरला निवर्तले होते. चमू थांबला नाही. 510 तास, 11,419 दीर्घिका; आणि 2022 मध्ये दिसले, की अवघ्या अब्ज वर्षांत दीर्घिकांमधला सरासरी हायड्रोजन घटून एक तृतीयांशाहूनही कमी उरला होता.