तटाच्या आतून आणि बाहेरून

इ. स. १८५७ च्या पूर्वार्धात, मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मुबलक मिळेल अशी वार्ता ऐकून, पेणनजीकच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेल्या घरातील भिक्षुक आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले, तेव्हा राज्यक्रांतीचा विचार त्यांच्या मनास शिवलाही नव्हता; आणि पुढे १८५८ च्या मार्च-एप्रिलात सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीस घातलेला वेढा त्यांनी तटाच्या आत राहून सोसला, त्या वेळीही त्यांची दृष्टी पोट, प्राण आणि गाठीचा पैसा यांवरच खिळलेली होती. 'माझा प्रवास' या त्यांच्या ग्रंथाचे मोल, माझ्या मते, या संकुचित दृष्टीतच आहे.

शहर पडल्यावर झालेली कत्तल, घराघरांत शिरलेले सोल्जर, आधी रोकड व दागिने आणि मागाहून भांडीकुंडी, कपडे व धान्य अशी उतरत्या क्रमाने चाललेली लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण, हे सर्व ते यजमानाकडील विधीचा तपशील सांगावा तितक्या बारकाईने सांगतात. पोथ्यांच्या नाशाने त्यांचे अंतःकरण जितके पिळवटते, तितके ते संस्थानाच्या नाशाने पिळवटत नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाचे हे दुःख इतके खरे आहे की, कोणा इतिहासकाराला ते कल्पनेने रचता आले नसते. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तृषार्त राणी विहिरीपाशी भेटते, तो प्रसंगही ते वीररसाचा आव न आणता लिहितात. उलट, कलकत्त्यास राजेरजवाड्यांना बोलावून धर्मविरोधी कलमे ऐकविली गेली, असली बंडाची कारणे ते सांगू लागतात तेव्हा ती केवळ बाजारातील वदंता असते. पण त्या काळी लोक कशावर विश्वास ठेवीत होते, याची जबानी म्हणून तीही दप्तरी ठेवण्याजोगीच आहे.

त्याच वेढ्याच्या दुसऱ्या अंगास मद्रास सॅपर्स पलटणीचा डॉक्टर टॉमस लो हा होता. मध्य हिंदुस्थानातील मोहिमेवरचा त्याचा ग्रंथ १८६० साली, म्हणजे राग निवण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाला. १८५७ च्या जूनमधील झाशीच्या इंग्रजांच्या हत्येचा सूड त्यास न्याय्य वाटतो आणि शहरास दया दाखविली गेली नाही, हे तो लपवीत नाही. गोडसे ज्या गल्लीत जीव मुठीत धरून लपलेले आहेत, तिच्यात शिरणाऱ्या सैन्याचा हा माणूस. आणि दोघांच्या लेखनात वैर असूनही, नागरिकांच्या संहाराविषयी दोघांची साक्ष एकमेकींस पुष्टी देते. शत्रुपक्षीयांची अशी एकवाक्यता कोणत्याही सरकारी खलित्याहून मला अधिक विश्वसनीय वाटते.

याच बंडातील देशी शिपायाची कैफियत म्हणून सीताराम सुभेदाराचे आत्मवृत्त पुढे केले जाते. नॉरगेटने १८७३ साली त्याचे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले. बंडखोर कैद्यांत स्वतःचा पुत्र निघालेला पाहणाऱ्या पित्याचा त्यातील प्रसंग काळीज हलवितो. परंतु ग्रंथाच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत वाद आहे, आणि प्रसंग जितका चटका लावणारा, तितका वाचकाने हात आखडता घ्यावा, हे बरे.

गोडसे यांच्या बाबतीत सुदैवाने मूळ लेख उपलब्ध आहे. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर आठवणी लिहिल्या. सरकारच्या धाकामुळे त्या त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली छापल्या गेल्या, त्याही वैद्यांच्या लेखणीचे संस्कार घेऊन. वैद्यांनी भाषा सफाईदार केली आणि काही ठिकाणी भटजींना त्यांच्या स्वभावाहून अधिक व्यवस्थित करून सोडले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी भारत इतिहास संशोधक मंडळातील हस्तलिखितावरून मूळ पाठ १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. जिज्ञासूने झाशीच्या पाडावाचे प्रकरण दोन्ही प्रतींत ताडून वाचावे. वैद्यांच्या प्रतीत पंडित बोलतो, पोतदारांच्या प्रतीत घाबरलेला, चौकस, हिशेबी कोकणी भिक्षुक.